घरबसल्या विक्री आणि बनावट ई-मेलचा गळ

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला खानदेश हा पूर्वापार बाजारपेठांचा प्रदेश आहे. रावेर-यावलची केळी, जळगावची सुवर्णपेठ व डाळ गिरण्या, धुळ्याच्या बाजारात येणारा कापूस, दोंडाईच्याची मिरची आणि सावद्याचा गुरांचा बाजार यांनी या प्रदेशाला देशभर ओळख मिळवून दिली. १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धुळे जिल्ह्यात मोडणाऱ्या सारंगखेडे येथे दत्तजयंतीच्या यात्रेत भरणारा घोडेबाजार पाहण्यास आजही दूरदूरच्या प्रांतांतून लोक येतात. खरेदी-विक्रीची जाण येथील माणसाच्या अंगी उपजत असते, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

गेल्या काही वर्षांत या बाजारांमध्ये आणखी एका बाजाराची भर पडली आहे. त्याला वेस नाही, काटा नाही, हमाल नाही आणि त्याचा वारही ठरलेला नाही. तो मोबाईल फोनच्या पडद्यावर भरतो. जुना ट्रॅक्टर, मोटारसायकल, पाण्याची मोटर, दुभती गाय, घरातील कपाट किंवा मुलाने वापरलेला संगणक विकावयाचा असल्यास त्याचे छायाचित्र व किंमत जाहिरात-संकेतस्थळावर टाकली की काही मिनिटांत गिऱ्हाइकाचा निरोप येतो. महिला बचत गटांच्या ज्वारीच्या बिबड्या, पापड व केळीचे वेफर्स यांनाही या मार्गाने मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक मिळू लागले आहे. मध्यस्थाची दलाली वाचते आणि गावातील वस्तूला शहरातील भाव मिळतो, हा या बाजाराचा मोठा लाभ होय.

मात्र ज्या सोयीने गिऱ्हाईक घरापर्यंत येते, त्याच सोयीने लबाडही घरापर्यंत येतो. वस्तू विकावयास निघालेल्या माणसाला बनावट ई-मेल, संदेश वा लिंक पाठवून त्याच्याच खात्यातील रक्कम काढून घेण्याचे प्रकार देशभर घडत आहेत. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या पद्धतींची माहिती देणारी ‘बी(अ)वेअर’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांवरून होणाऱ्या फसवणुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. ट्रॅक्टर विकून पेरणीची तजवीज करणारा शेतकरी किंवा गाय विकून मुलीच्या शिक्षणाचे शुल्क भरणारे कुटुंब यांच्या दृष्टीने हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा घरातील रक्कम गेली, तर केवळ पैसा जात नाही. एक हंगाम किंवा एक शैक्षणिक वर्ष हातचे जाते.

इसार कोणी द्यावयाचा?

गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरविण्याची चाल जुनी आहे. सौदा जमला की खरेदीदार विक्रेत्याच्या हातावर इसार ठेवतो. पुढे पूर्ण रक्कम मोजून दिल्यावरच दावे त्याच्या हाती दिले जाते. या रीतीत एक साधा नियम दडलेला आहे. पैसा खरेदीदाराकडून विक्रेत्याकडे येतो आणि माल विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे जातो. बैल विकणाऱ्यानेच इसार द्यावा, असे भर बाजारात कोणी म्हटले, तर लोक त्याला हसतील.

ऑनलाइन विक्रीतील जवळजवळ प्रत्येक फसवणुकीत नेमकी हीच उलटी गंगा वाहत असते. कधी विक्रेत्याला ‘खाते पडताळणीसाठी’ थोडी रक्कम भरावयास सांगितले जाते, कधी ‘वाहतुकीचे शुल्क आधी भरा, मागाहून परत मिळेल’ असे कळविले जाते, तर कधी ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ अशी सूचना येते. शब्द निरनिराळे असले, तरी मागणी एकच असते. घेणाऱ्याऐवजी विकणाऱ्याने काहीतरी द्यावयाचे. मग ती रक्कम असो वा खात्याची किल्ली. म्हणूनच तंत्रज्ञानाची फारशी माहिती नसलेल्या माणसालाही बाजाराचा हा जुना नियम ढालीसारखा उपयोगी पडू शकतो. विक्रेत्याकडे पैसा किंवा गुपित मागणारा गिऱ्हाईक नव्हे, हे ध्यानी ठेवले की निम्मी फसवणूक जागच्या जागी थांबते.

फिशिंग म्हणजे काय?

बनावट पत्राद्वारे गुप्त माहिती काढून घेण्याच्या या प्रकाराला ‘फिशिंग’ असे नाव आहे. गळाला आमिष लावून मासा पकडणे, या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ते पडले. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत एका मोठ्या इंटरनेट सेवेच्या ग्राहकांचे पासवर्ड चोरण्याच्या उद्योगातून हे नाव रूढ झाले. मराठीतही आपण ‘गळाला लागला’ असे म्हणतो, तोच हा अर्थ. मासेमार जसा एका माशाच्या मागे धावत नाही, तसाच हा लबाडही एका माणसाची निवड करीत नाही. एकच पत्र तो हजारो लोकांना पाठवितो. त्यांतील दोघे-चौघे गळाला लागले, तरी त्याचे श्रम कारणी लागतात.

याचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात, याचे उदाहरण शेजारच्या देशात घडले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्क येथील खात्यातून सुमारे ८ कोटी १० लाख डॉलर लांबविण्यात आले. या प्रकरणी अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी २०१८ मध्ये मांडलेल्या आरोपांनुसार, बँकेच्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाच्या मिषाने आधी बनावट ई-मेल पाठविण्यात आले होते. एका देशाच्या मध्यवर्ती बँकेत ज्या दाराने चोर शिरला, ते दार सामान्य विक्रेत्याच्या फोनमध्येही असते. ते आतून कोणी उघडू नये, एवढीच खबरदारी घ्यावयाची असते.

विक्रेता गळाला कसा लागतो?

या फसवणुकीचा क्रम बहुधा ठरलेला असतो. जाहिरात प्रसिद्ध होताच गिऱ्हाइकाचा फोन किंवा संदेश येतो. तो वस्तू पाहण्याचा आग्रह धरीत नाही आणि किंमतही कमी करून मागत नाही. ज्या प्रदेशात मेथीची जुडी घेतानाही घासाघीस होते, तेथे न पाहता पूर्ण किंमत देणारा माणूस भेटला, की विक्रेत्याने सावध व्हावयास हवे. पुष्कळदा असा माणूस आपण सैन्यदलात असून दूरच्या ठिकाणी नेमणुकीवर असल्याचे सांगतो आणि ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवितो. जवानांविषयी जनतेच्या मनात असलेल्या आदराचा गैरफायदा घेण्याचा हा डाव रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिकेतही नमूद केलेला आहे. ओळखपत्राचे चित्र ही ओळखीची खूण नव्हे. ते कोणाचेही असू शकते.

दुसऱ्या पायरीवर विश्वास संपादन केला जातो. पाच-दहा रुपये पाठवून तो ‘आले का पाहा’ असे विचारतो. रक्कम खरोखरच आलेली असल्याने विक्रेत्याच्या मनातील शंका फिटते. गळाला लावलेले आमिष ते हेच होय.

तिसऱ्या पायरीवर पत्र येते. ते जाहिरात-संकेतस्थळाच्या, बँकेच्या, कुरियर कंपनीच्या किंवा एखाद्या पेमेंट सेवेच्या नावाने आलेले दिसते. वर बोधचिन्ह असते, खाली सहीही असते. मजकूर साधारणतः असा असतो : ‘खरेदीदाराने रक्कम भरली आहे. ती आमच्याकडे सुरक्षित आहे. आपले खाते पडताळून घेतल्यावर ती जमा होईल. त्यासाठी पुढील लिंक उघडा.’ कधी ‘खरेदीदाराने चुकून जास्त रक्कम भरली, फरक परत करा’ असे लिहिलेले असते, तर कधी माल पाठविल्याची पावती आधी मागितली जाते. लिंक उघडल्यावर बँकेसारखेच दिसणारे पान समोर येते. तेथे खाते क्रमांक, पासवर्ड, कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी भरताच ती सर्व माहिती लबाडाच्या हाती पडते.

जुन्या वस्तूंच्या जाहिराती दाखविणारी बहुतेक संकेतस्थळे खरेदीदार व विक्रेता यांची केवळ गाठ घालून देतात, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. पूर्वी व्ही.पी.ने माल पाठविला, तर टपाल खाते मध्ये उभे असे. पोस्टमन पैसे घेऊनच पार्सल हाती देई आणि ती रक्कम मनीऑर्डरीने विक्रेत्याकडे येई. आजच्या जाहिरात-संकेतस्थळाने ही जबाबदारी घेतली आहे किंवा नाही, हे विक्रेत्याने आधीच जाणून घ्यावे. जे संकेतस्थळ पैसे हाताळीतच नाही, त्याच्या नावाने ‘आपली रक्कम आमच्याकडे थांबली आहे’ असे पत्र आले, तर ते निखालस खोटे आहे.

पत्राची पारख

ई-मेल पत्रात पाठविणाऱ्याचे नाव आणि त्याचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नाव कोणालाही वाटेल ते लिहिता येते. म्हणून नावावर बोट ठेवून त्यामागील पूर्ण पत्ता पाहावा. हा पत्ता वाचण्याची रीत टपालाच्या पत्त्यावरून सहज समजते. ‘मु. सावदे, ता. रावेर, जि. जळगाव’ या पत्त्यात पत्र कोणत्या जिल्ह्यात जाणार, हे शेवटचा शब्द ठरवितो. इंटरनेटवरील पत्ताही असाच शेवटाकडून वाचावयाचा असतो. ई-मेलमध्ये ‘ॲट’ या चिन्हानंतरचा आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग पाहावा. त्यातील अगदी उजवीकडचे शब्द खऱ्या मालकाचे नाव सांगतात.

समजा, पत्ता ‘बँकेचे नाव डॉट पडताळणी डॉट कॉम’ असा आहे. त्यात बँकेचे नाव आरंभी दिसत असले, तरी मालकी ‘पडताळणी डॉट कॉम’ची आहे, बँकेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. दुकानाच्या पाटीवर मोठ्या पेढीचे नाव रंगविल्याने दुकान त्या पेढीचे होत नाही, तसेच हे आहे. अक्षरांच्या फेरफारानेही फसविले जाते. इंग्रजी ‘ओ’ऐवजी शून्य, ‘एल’ऐवजी एकचा आकडा किंवा नावात एखादे जादा अक्षर घातलेले असते. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून ते निसटते.

बँकांच्या बाबतीत ही पारख आता काहीशी सुलभ झाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या स्वतंत्र नामपरिवारात आणण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घालून दिली. या परिवारातील नाव बँकांनाच मिळते आणि त्याची नोंदणी हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान संस्थेमार्फत होते. मात्र ‘बँक-इन डॉट कॉम’ असा पत्ता दिसल्यास तो या परिवारातील नव्हे. कारण त्याचा शेवट वेगळा आहे. शेवटाकडून वाचण्याची सवय येथेही उपयोगी पडते.

पत्राच्या मजकुरातूनही काही खुणा दिसतात. खऱ्या बँकेचे पत्र बहुधा ग्राहकाच्या नावाने येते; बनावट पत्र ‘प्रिय ग्राहक’ म्हणून सर्वांना एकच असते. ‘दोन तासांत न केल्यास रक्कम परत जाईल’ किंवा ‘आपले खाते बंद होईल’ अशी धमकी देऊन विचार करण्यास वेळ मिळू दिला जात नाही. पत्रासोबत एखादे ॲप किंवा फाईल जोडलेली असून ती फोनमध्ये उतरवून घेण्याचा आग्रह असतो. अशी फाईल उघडल्यास फोनचा ताबाच दुसऱ्याकडे जाण्याचा संभव असतो. ‘मदतीसाठी’ पडदा दाखविणारे ॲप घ्यावयास सांगणे हाही त्यातलाच प्रकार होय.

पूर्वी अशुद्ध भाषा ही बनावट पत्राची हमखास खूण मानली जात असे. आता ती खूण भरवशाची राहिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी निर्दोष मराठीत पत्र लिहिणे लबाडांनाही शक्य झाले आहे. त्याचप्रमाणे संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की मधला मार्ग सुरक्षित आहे. त्या मार्गाच्या टोकाला बसलेला माणूस प्रामाणिक आहे, असे ते कुलूप सांगत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे. पत्ता चुकीचा असेल, तर पत्र खोटे ठरते. परंतु पत्ता बरोबर दिसला, म्हणून ते खरे ठरत नाही. पाठविणाऱ्याचा पत्ताही बनावट दाखविता येतो. यावर उपाय एकच आहे. पत्रातील लिंकने जाऊ नये, आपल्या वाटेने जावे. बँकेचे ॲप स्वतः उघडावे, संकेतस्थळाचा पत्ता स्वतः लिहावा किंवा पासबुकावर अगर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर चौकशी करावी. पत्रात दिलेल्या क्रमांकावर चौकशी करणे म्हणजे चोरालाच चोरीची खात्री विचारणे होय.

पैसा पत्रात नसतो, खात्यात असतो

रक्कम आल्याचे सांगणारे ई-मेल, एसएमएस किंवा पावतीचे छायाचित्र म्हणजे रक्कम नव्हे. ही तिन्ही साधने बनावट तयार करता येतात. रक्कम आली की नाही, हे आपल्या बँकेच्या ॲपमधील शिलकेवरून किंवा शाखेत पासबुक भरून घेऊनच ठरवावे. धनादेश मिळाला असेल, तर तो वटल्याची खात्री होईपर्यंत माल हाती देऊ नये.

यूपीआय ही पैसे देण्या-घेण्याची पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली आणि आज ती चहाच्या टपरीपर्यंत पोहोचली आहे. तिचा एक नियम प्रत्येक घरात पाठ असावयास हवा. पिन हा केवळ पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. क्यूआर कोडचेही तसेच आहे. दुकानदार आपला कोड मांडून ठेवतो आणि गिऱ्हाईक तो स्कॅन करून पैसे देतो. म्हणजे स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो. गिऱ्हाइकाने पाठविलेला कोड विक्रेत्याने स्कॅन केला, तर पैसे विक्रेत्याच्याच खात्यातून जातील.

‘पैसे पाठवीत आहे’ असे सांगून प्रत्यक्षात पैशाची मागणी धाडावयाची आणि विक्रेत्याकडून पिन टाकवून घ्यावयाचा, हा प्रकार इतका फैलावला, की एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून रक्कम मागण्याची सोय भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. एक दार बंद झाल्यावर लबाड दुसरे शोधतात. म्हणून दारांची यादी पाठ करण्यापेक्षा मूळ नियम लक्षात ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरते.

विक्रीसाठी शक्य असल्यास थोडी शिल्लक असलेले वेगळे खाते वापरावे. पीककर्ज, ठेवी किंवा घराची सर्व बचत ज्या खात्यात आहे, ते अनोळखी व्यवहारास जोडू नये. ई-मेल व बँकेचा पासवर्ड एकच ठेवू नये आणि ई-मेलला दुहेरी पडताळणीची सोय सुरू करावी. कारण एकदा ई-मेल दुसऱ्याच्या हाती गेला, की इतर खात्यांचे पासवर्ड बदलणे त्याला सोपे जाते. वस्तूची देवघेव दिवसा, वर्दळीच्या जागी आणि शक्यतो सोबत कोणी असताना करावी. वाहन विकताना रक्कम प्रत्यक्ष जमा झाल्यावरच किल्ली व कागदपत्रे द्यावीत आणि नावाच्या बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी.

व्यापारी पेढ्यांपुढील धोका

हा धोका जुनी वस्तू विकणाऱ्यापुरता मर्यादित नाही. जळगावच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि या भागातील केळी आखाती देशांत जाऊ लागली आहेत. डाळ, कापूस व मिरची यांचे व्यवहारही आता पुष्कळसे ई-मेलवर ठरतात. अशा व्यवहारात लबाड एका पक्षाच्या ई-मेलमध्ये गुपचूप शिरतो आणि पत्रव्यवहार वाचीत बसतो. बिल पाठविण्याची वेळ आली, की विक्रेत्याच्या नावाने खरेदीदारास पत्र जाते : ‘आमचे बँक खाते बदलले आहे. या वेळची रक्कम पुढील खात्यात भरावी.’ खरेदीदार प्रामाणिकपणे रक्कम भरतो आणि ती भलतीकडेच जाते. माल गेलेला, पैसा न आलेला आणि दोन जुन्या पेढ्यांमध्ये वितुष्ट, असा तिहेरी तोटा यातून होतो.

यावरील उपाय अवघड नाही. खाते बदलल्याची सूचना कधीही केवळ ई-मेलवर स्वीकारली जाणार नाही, असे व्यापारी संबंधाच्या आरंभीच परस्परांस कळवून ठेवावे. अशी सूचना आल्यास पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर प्रत्यक्ष बोलून खातरजमा करावी. पेढीतील मुनीम किंवा संगणक सांभाळणारा तरुण यांनाही ही शिस्त लावून द्यावी. अडते-व्यापाऱ्यांच्या परंपरेत शब्दाला मोल आहे. तो शब्द ऐकून घेण्यासाठी केलेला एक फोन लाखोंची रक्कम वाचवू शकतो.

भाड्याचे खाते, विकतचा तुरुंग

चोरलेली रक्कम लबाड स्वतःच्या खात्यात ठेवीत नाही. ती काही मिनिटांत निरनिराळ्या खात्यांतून फिरविली जाते. त्यासाठी विद्यार्थी, बेरोजगार तरुण व मजूर यांना दोन-चार हजारांचे आमिष दाखवून त्यांची बँक खाती, एटीएम कार्डे व सिमकार्डे वापरावयास घेतली जातात. तपासात पहिले नाव या खातेदाराचे पुढे येते. खाते गोठविले जाते आणि गुन्ह्यात साहाय्य केल्याचा आरोपही येऊ शकतो. ‘मला काही ठाऊक नव्हते’ असे म्हणून सुटका होईलच, अशी खात्री देता येत नाही. महाविद्यालयीन तरुणांच्या पालकांनी हा धोका घरात समजावून सांगणे अगत्याचे आहे.

फसवणूक झाल्यास काय करावे?

सर्व काळजी घेऊनही एखादा माणूस गळाला लागू शकतो. अशा वेळी लाजेने गप्प बसणे हे दुसरे नुकसान ठरते. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत असते, तोपर्यंतच ती अडविता येते. म्हणून पहिला तास सर्वांत मोलाचा असतो.

सर्वप्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने उभारलेल्या या यंत्रणेत बँका व पोलीस एकमेकांशी जोडलेले आहेत. तक्रार नोंदविताच ज्या खात्याकडे रक्कम गेली असेल, त्या बँकेला सूचना जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असल्यास ती रोखून धरता येते. फोन करताना आपल्या बँकेचे नाव व खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम आणि संशयिताचा फोन किंवा ई-मेल पत्ता जवळ ठेवावा. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या शासकीय संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

त्यानंतर लगेच बँकेस कळवून कार्ड व ऑनलाइन व्यवहार बंद करावेत, ई-मेलचा पासवर्ड बदलावा आणि बँकेकडून तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात या विषयीची तत्त्वे घालून दिली. बँकेचा दोष नसलेल्या आणि ग्राहकाचाही दोष नसलेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर तोटा पडू नये, असे ते परिपत्रक सांगते. मात्र ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असल्यास, बँकेला कळवीपर्यंतचा तोटा त्यालाच सोसावा लागतो. कळविल्यानंतर होणारा तोटा बँकेचा असतो. यावरून गुपित जपण्याचे आणि तत्काळ कळविण्याचे महत्त्व स्पष्ट होते.

बनावट ई-मेल, संदेश व पावत्यांची चित्रे पुसून टाकू नयेत. तोच पुरावा असतो. २०१६ मध्ये राज्यात जिल्हानिहाय सायबर प्रयोगशाळा सुरू करण्यात आल्या. जळगाव व धुळे या दोन्ही जिल्ह्यांत आज सायबर पोलीस ठाणी कार्यरत आहेत. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात त्याची माहिती देता येते. चोपडा किंवा साक्री तालुक्यातील माणसाने यासाठी जिल्ह्याच्या गावी पोहोचेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

कायद्याचा आधार

दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये संगणक उद्योगांच्या संघटनेने दाखल केलेल्या एका दाव्यात फिशिंग हे बेकायदेशीर कृत्य असल्याचे मानले. त्या वेळी या प्रकारास लागू पडणारा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. पुढे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात दुरुस्ती होऊन २००९ पासून नवी कलमे अंमलात आली. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखचिन्ह अप्रामाणिकपणे वापरणे हा कलम ६६ क (सी) खाली आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हा कलम ६६ ड (डी) खाली गुन्हा आहे. दोहोंसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्येही फसवणुकीस शिक्षा सांगितलेली आहे.

जाणता विक्रेता

कायदा व पोलीस यंत्रणा गुन्हा घडल्यानंतर धावून येतात. गुन्हा घडण्यापूर्वीचा पहारा विक्रेत्याने स्वतःच द्यावयाचा असतो. याचा अर्थ या नव्या बाजाराकडे पाठ फिरवावी, असा नव्हे. भीतीपोटी शेतकऱ्याने किंवा बचत गटाने ही वाट सोडली, तर पुन्हा मध्यस्थाच्या दारी जाऊन मिळेल तो भाव घ्यावा लागेल आणि तोही एक प्रकारचा तोटाच होय.

गावोगावच्या ग्रामसभा, बचत गटांच्या बैठका, दूध संस्था, वाचनालये आणि महाविद्यालये यांनी या विषयाची चर्चा घडवून आणल्यास पुष्कळ काम होईल. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आईवडिलांच्या फोनवर एकदा तरी पत्ता शेवटाकडून वाचून दाखवावा आणि पैसे घेताना पिन लागत नाही, हे प्रत्यक्ष व्यवहार करून पटवून द्यावे. वस्तू विकण्याची जाहिरात देण्यापूर्वी १९३० हा क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवावा. तीन गोष्टी मात्र प्रत्येक विक्रेत्याने मनाशी बांधून ठेवाव्यात : पैसा पत्रात नव्हे, खात्यात पाहावा, पत्रातील वाटेने नव्हे, आपल्या वाटेने बँकेत जावे, आणि इसार नेहमी घेणाऱ्याने द्यावयाचा असतो, विकणाऱ्याने नव्हे.